फिरतीसाठी शिलाई मशीन घेताना

आठवडी बाजारात, उरुसात जागेवरच शिवण मारून दिली की गिऱ्हाईक तुटत नाही. म्हणून आम्ही मुठीत मावणारे सेलवरचे मशीन घेतले आणि फसलो. ते एकाच दोऱ्याचा साखळी टाका घालते. सुटे टोक ओढले गेले की शिवण उसवते. विकलेल्या सलवारी परत आल्या, पैसे द्यावे लागले.

मशीन हलके हवे, पण वर दोरा व खाली बॉबिन असणारेच घ्यावे. १९३३ साली निघालेले सिंगर फेदरवेट अ‍ॅल्युमिनियमचे, जेमतेम ५ किलोचे. तरी टाका पक्का. घेताना पेटी, पेडलसकट वजन करावे. आपलाच जाड कपडा चार पदरी करून दुकानातच चालवून पाहावा. बॉबिन, सुया गावात मिळतात का, विचारावे. वीज नसेल तिथे हँडलचेच बरे.

कच्ची शिवण पक्की म्हणून देणे हलाल रोजीत बसत नाही.