आठ आठवड्यांच्या गावाची बोली

अमेरिकेत जून संपता संपता शाळांना सुट्टी लागते आणि मेन, न्यू हॅम्पशायर, व्हर्माँट, न्यूयॉर्क अशा राज्यांतल्या तळ्यांकाठची, वर्षभर ओस पडलेली लाकडी झोपड्यांची गावे पुन्हा गजबजतात. ही समर कॅम्पची गावे. पूर्वी मुले तिथे सात-आठ आठवडे राहत. आता मुक्काम बहुतेक ठिकाणी आखडला आहे. परतलेल्या मुलाचे बोलणे मात्र आजही घरच्यांना निम्मेच कळते. ‘बंक’ म्हणजे झोपडी आणि तिच्यात राहणारी टोळीही. ‘सीआयटी’ म्हणजे वय वाढल्यामुळे शिबिरार्थी न राहिलेला आणि अजून ताई-दादा न झालेला मधला उमेदवार. ‘बग ज्यूस’ म्हणजे जेवणघरातले रंगीत, गोड सरबत. ‘कलर वॉर’ म्हणजे सगळे शिबिर दोन रंगांत वाटून चाललेली चुरस, आणि तिची घोषणा अचानक, नाट्यमय रीतीने होते त्याला ‘ब्रेकआउट’ म्हणतात. मोठी माणसे या शब्दांकडे पोरखेळ म्हणून पाहतात. मला ते पटत नाही. अनोळखी मुलांचे काही दिवसांत गाव होते ते मुख्यतः या बोलीमुळे आणि तिच्याभोवतीच्या रिवाजांमुळे, असे माझे म्हणणे आहे. तसे असेल तर ही बोली कुठून आली आणि कोणाला आत घेते, कोणाला बाहेर ठेवते, हे प्रश्न गंभीरपणे विचारले पाहिजेत.

या बोलीतला जवळजवळ प्रत्येक शब्द उसना आहे. कनेटिकटमधले शिक्षक फ्रेडरिक गन 1861 साली आपल्या शाळेतल्या मुलांना चालत समुद्रकिनारी घेऊन गेले आणि तिथे त्यांनी तंबू ठोकले. अमेरिकी समर कॅम्पचा इतिहास बहुधा इथून सांगितला जातो. यादवी युद्ध तेव्हा नुकतेच पेटले होते, मुलांना सैनिकांसारखे तंबूत राहायचे होते, आणि शिबिराची पहिली भाषा लष्कराची झाली. जेवणघर ते ‘मेस हॉल’, शौचकूप ते ‘लॅट्रिन’, भांडी घासण्याची पाळी ती ‘केपी’. दिवस मावळल्यावर वाजणारी ‘टॅप्स’ ही बिगुलाची धून 1862 मध्ये जनरल बटरफील्ड यांच्या छावणीत घडली. सैनिकांच्या दफनालाही वाजणारी ती धून शिबिरात मुलांना झोपवू लागली. ‘बग ज्यूस’चाही प्रवास असाच आहे. एकोणिसाव्या शतकात तो हलक्या दारूसाठीचा शब्द होता. मुलांनी तो सरबताला लावला आणि त्यातला मद्याचा वास कायमचा उडाला. शब्द घ्यायचा आणि त्याचा जुना धनी विसरून जायचा, ही शिबिराची रीतच आहे. कधी वाहतूक उलटही होते. ‘बूनडॉगल’ हा शब्द 1920 च्या दशकात स्काउटांनी विणलेल्या दोरीच्या गोफासाठी प्रचारात आला. 1935 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सरकारी मदतकामांची चौकशी झाली, असल्या हस्तकलांवर पैसा जातो अशी ओरड झाली, आणि तेव्हापासून अमेरिकी राजकारणात त्याचा अर्थ निरर्थक सरकारी खर्च असा रूढ झाला. शेकोटीवर भाजलेला मार्शमेलो, चॉकलेट आणि बिस्किट यांचा ‘स्मोअर’ 1927 च्या गर्ल स्काउट पुस्तकात ‘सम मोअर’, म्हणजे ‘आणखी थोडे’, या नावाने येतो. मुलांच्या तोंडी घासून त्याचा एकच शब्द झाला.

या शब्दांनी माणसे बांधली जातात याचा पुरावा काय? सर्वांत प्रसिद्ध पुरावा 1954 सालचा, ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह उद्यानातला. मुझफर शेरीफ या समाजमानसशास्त्रज्ञाने अकरा वर्षांच्या आसपासची 22 मुले निवडली, एकमेकांना न ओळखणारी पण एकाच थरातली. त्यांचे दोन गट केले आणि पहिला आठवडाभर एका गटाला दुसऱ्याचा पत्ताही लागू दिला नाही. गटांना नावे द्या असे कोणी सांगितले नव्हते, तरी एक गट ‘रॅटलर्स’ झाला आणि दुसरा ‘ईगल्स’. झेंडे आले, टोपणनावे आली, जागांना आपापली नावे मिळाली. रॅटलर्स शिव्या देण्यात मर्दुमकी मानू लागले, तर ईगल्सनी शिव्या द्यायच्या नाहीत असे ठरवले. काय बोलायचे आणि काय नाही हीच गटाची ओळख झाली. दोघांची गाठ घातल्यावर झेंडे जळले, झोपड्यांवर धाडी पडल्या, आणि पाणीपुरवठ्यातला बिघाड दूर करण्यासारखी एकत्र कामे करावी लागली तेव्हाच वैर निवळले. इथे एक रास्त आक्षेप निघतो: हे सगळे मोठ्यांनी रचलेले नव्हते का? होते. शेरीफचाच 1953 चा आधीचा प्रयोग फसला होता आणि तो बराच काळ झाकलेला राहिला. जीना पेरी यांनी 2018 च्या पुस्तकात तो सविस्तर मांडला. त्या शिबिरात मुलांना आधी एकत्र मिसळू दिले होते आणि मग त्यांची वाटणी केली होती. मुले भांडलीच नाहीत, उलट त्यांचा संशय संयोजकांवर गेला. या फसलेल्या प्रयोगाने माझे म्हणणे कमकुवत होत नाही. मोठ्यांनी आखलेली रेषा मुलांनी मानली नाही, कारण त्याआधी जमलेले ‘आपण’ त्यांचे स्वतःचे होते.

दुसरा पुरावा भाषातज्ज्ञांचा आहे. साराह ब्युनिन बेनॉर, जोनाथन क्रॅस्नर आणि शेरॉन अवनी यांचे अमेरिकेतल्या ज्यू शिबिरांतल्या हिब्रूवरचे पुस्तक 2020 मध्ये आले. तिथली बहुतेक मुले हिब्रूत संभाषण करू शकत नाहीत. तरीही जेवणघराला ती ‘खदर ओखेल’ म्हणतात आणि दवाखान्याच्या ‘मरपेआ’चे तर त्यांनी ‘मार्प’ करून टाकले आहे. इस्रायलमधला माणूस हा ‘मार्प’ ऐकून गोंधळेल. 1941 मध्ये सुरू झालेल्या मसाद शिबिराचा आग्रह होता की सगळा व्यवहार हिब्रूतच चालावा, अगदी बेसबॉलसुद्धा. आज इंग्रजी वाक्यांत पेरलेल्या नामांवरच बहुतेक शिबिरांचे भागते. जुन्या मंडळींना हे भाषेचे अधःपतन वाटते. संशोधकांनी मात्र त्याला कमअस्सल ठरवले नाही. त्यांची बाजू मला अधिक पटते. या मुलांना हिब्रूत गप्पा मारायच्या नसतात, त्यांना हिब्रूच्या अंगणात उभे राहायचे असते आणि तेवढ्यासाठी चाळीस-पन्नास शब्द पुरतात.

सगळी उसनवारी मात्र इतकी निरुपद्रवी नाही. अर्नेस्ट थॉम्पसन सेटन यांनी 1902 मध्ये ‘वुडक्राफ्ट इंडियन्स’ ही मुलांची चळवळ सुरू केली, 1915 मध्ये फिलाडेल्फियाच्या स्काउट शिबिरातून ‘ऑर्डर ऑफ द ॲरो’ निघाली आणि तिने लेनापे भाषेतले शब्द घेतले. शेकडो शिबिरांनी मूलनिवासींची किंवा तशी वाटणारी नावे धारण केली; पिसांचे मुकुट आणि शेकोटीभोवतीच्या ‘सभा’ हा रिवाज झाला. त्याच दशकांत कार्लाइलसारख्या सरकारी निवासी शाळांत मूलनिवासी मुलांना स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत होती. एकाच देशात एका मुलाला जो शब्द खेळ म्हणून मिळत होता, तोच दुसऱ्याच्या तोंडून हिसकावला जात होता. इतिहासकार फिलिप डेलोरिया यांनी 1998 मध्ये या सोंगावर पुस्तक लिहिले. ‘कुंबाया’चीही कथा अशीच. 1926 मध्ये रॉबर्ट गॉर्डन यांनी जॉर्जियाच्या किनाऱ्यावर एका कृष्णवर्णीय गायकाकडून ते ध्वनिमुद्रित केले. शब्दांचा अर्थ ‘इकडे ये’, दुःखात देवाला मारलेली हाक. पुढे एका गोऱ्या धर्मोपदेशकाने 1930 च्या दशकात ते आपणच रचल्याचा दावा केला, शिबिरांनी ते शेकोटीचे गाणे केले आणि शेवटी इंग्रजीत ‘कुंबाया’ हा भाबड्या ऐक्याची टिंगल करणारा शब्द झाला. जॉर्जिया राज्याने या गाण्याचा वारसा अधिकृतपणे मान्य केला तो 2017 मध्ये.

परंपरेचे अभिमानी म्हणतात की नावे बदलली, मुकुट काढले तर शिबिराचा आत्मा जाईल. अनेक शिबिरांनी हे सोडले आहे आणि ती चालू आहेत. मुलांना हवे असते ते आधीच्या मुलांनी दिलेले आणि पुढच्यांना द्यायचे काहीतरी; ते लेनापे भाषेतलेच असले पाहिजे असे नाही. कॅम्प डडली या 1885 पासूनच्या शिबिरात प्रत्येक नव्या मुलाला क्रमांक मिळतो आणि तो जन्मभर त्याचाच राहतो. एका आकड्याने आजोबा आणि नातू एका माळेत ओवले जातात. त्यात कोणाचे काही लुटलेले नाही. नवख्याला रात्री पिशवी देऊन तिथे नसलेला ‘स्नाइप’ नावाचा पक्षी पकडायला पाठवण्याची रीत मात्र मी परंपरा म्हणून वाचवणार नाही. ज्या शब्दाचा अर्थ एकालाच ठाऊक नसतो आणि त्याच्या भीतीवर बाकीचे हसतात, तो शब्द गाव बांधत नाही.

मराठी मुलखाशी या कथेचा धागा खराखुरा जुळतो. इंग्लंडातल्या ब्राउन्सी बेटावर ऑगस्ट 1907 मध्ये बेडन-पॉवेल यांनी श्रीमंत शाळांतली आणि कष्टकरी घरांतली अशी वीसेक मुले एकत्र तंबूंत ठेवली. त्यातून स्काउट चळवळ निघाली, ती भारतात आली आणि 1950 मध्ये भारत स्काउट आणि गाइड ही एकत्रित संघटना झाली. तिच्यासोबत आपल्या शाळांत ‘खरी कमाई’, म्हणजे मुलांनी छोटी कामे करून पैसे मिळवणे, आली. खेड्यात थंडी घालवायला पेटणारी शेकोटी ‘शेकोटी कार्यक्रम’ झाली. त्याआधीच आपल्या संघटनांनी आपली बोली घडवायला घेतली होती. ‘बौद्धिक’ हे व्याकरणाने विशेषण, पण शिबिरात ते नाम होते: आज बौद्धिक कोण घेणार? विचारांनी परस्परविरुद्ध असलेले राष्ट्र सेवा दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ या एका शब्दावर मात्र एक आहेत. बाबा आमटे यांनी आपल्या सोमनाथ प्रकल्पात लष्कराची ‘छावणी’ घेतली आणि तिच्याआधी ‘श्रमसंस्कार’ जोडले. एनसीसीच्या मुलांचा ‘रगडा’, म्हणजे शिक्षेची कवायत, अजून हिंदीतला आहे. आणि अमेरिकेत ज्याला ‘कौन्सेलर’ असे हुद्द्याचे नाव आहे, तो आपल्याकडे पहिल्या दिवसापासून ‘दादा’ आणि ती ‘ताई’ असते. नोकरीच्या नावाऐवजी नात्याचे नाव देणे, हा आपल्या शिबिरांचा मोठा शोध आहे.

अमेरिकेत ज्यू शिबिरांच्या शब्दांवर अख्खे पुस्तक निघाले. आपल्या शिबिरांची बोली शिबिरार्थींच्या वह्यांत आहे, स्मरणिकांत आहे आणि आता साठी-सत्तरी ओलांडलेल्या ताई-दादांच्या तोंडी आहे. वाचकांपैकी ज्यांनी अशी शिबिरे केली वा घेतली असतील, त्यांना विनंती आहे: शब्द, त्याचा अर्थ, गाव आणि साल एवढे तरी या दिवाळीच्या सुट्टीत लिहून काढा.