खेळण्यातली मोटार आणि चार्जिंगची मात्रा

पूर्वी मुलांच्या मोटारी चावीवर किंवा पेन्सिल सेलवर चालत. सेल संपला की खेळ संपे. त्यानंतरची गुंतागुंत म्हणजे मुलाचे रडणे, आणि त्यावर नवा सेल हा खात्रीचा उपचार. आज वाढदिवसाला किंवा दिवाळीला घरात येणारी रिमोटवरची मोटार बहुधा पुनर्भारित होणाऱ्या बॅटरीवर चालते. ती आठ-दहा वर्षांचे मूल स्वतःच चार्जिंगला लावते, आणि घरातील मोठी माणसे तिकडे मोबाइलच्या चार्जिंगइतक्याच निश्चिंतपणे पाहतात. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला या निश्चिंतपणाविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात, कारण मोबाइलमध्ये उत्पादकाने बसवलेली संरक्षक यंत्रणा या लहान बॅटऱ्यांत असतेच असे नाही.

औषध लिहिताना आपण तीन गोष्टी पाहतो: निदान काय, मात्रा किती आणि देखरेख कोण करणार. बॅटरी चार्ज करतानाही नेमके हेच तीन प्रश्न विचारावे लागतात.

प्रथम निदान. या मोटारींत मुख्यतः दोन कुळांच्या बॅटऱ्या आढळतात. पहिले कूळ निकेलचे. निकेल-कॅडमियम आणि निकेल-मेटल हायड्राइड या दोन्हींत प्रत्येक सेलचा दाब १.२ व्होल्ट असतो, म्हणून तीन सेलची जुडी ३.६ व्होल्टची, चारची ४.८ आणि सहाची ७.२ व्होल्टची. दुसरे कूळ लिथियमचे. त्यातील नेहमीच्या लिथियम-आयन किंवा लिथियम-पॉलिमर सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट असतो आणि पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट होतो. ही ४.२ची मर्यादा काटेकोर आहे. निकेलची बॅटरी थोडी जास्त भरली तर ती तापते व तिचे आयुष्य घटते. लिथियमचा सेल मर्यादेपलीकडे भरत राहिला तर त्यातील रासायनिक समतोल बिघडतो, आतला ज्वालाग्राही द्रव वायुरूप होतो, सेल फुगतो आणि शेवटी पेटू शकतो.

आता खरी मेख पाहा. तीन निकेल सेलची ३.६ व्होल्टची जुडी आणि एका लिथियम सेलची ३.७ व्होल्टची बॅटरी यांचे आकडे जवळजवळ सारखे, आणि अनेक खेळण्यांत त्यांचे प्लगही एकमेकांत बसतील असे असतात. यूएसबीच्या टोकाची चार्जिंगची तार तर दोन्हींची सारखीच दिसते. एका मोटारीची तार हरवली म्हणून दुसरीची लावली, प्लग बसला, दिवा लागला, म्हणजे सारे ठीक असे घरातील मंडळी समजतात. परंतु निकेलसाठी बनवलेल्या साध्या तारेला ४.२ व्होल्टला थांबायचे ठाऊक नसते. प्लग बसणे हा जुळणीचा पुरावा नव्हे. तीच गोष्ट सेलच्या आकाराची. पेन्सिल सेलच्याच मापाचा लिथियम सेलही मिळतो. त्याचा दाब मात्र तिप्पट. साधे अल्कलाइन सेल तर कोणत्याच चार्जरमध्ये घालू नयेत. म्हणून बॅटरीच्या वेष्टनावरील रसायनाचे नाव वाचावे, आणि प्रत्येक बॅटरी व तिचा चार्जर यांवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावून ठेवावी. हा उपाय पाच रुपयांचा आणि पूर्णतः परिणामकारक आहे.

आता मात्रा. बॅटरीची क्षमता मिलीअँपिअर-तासांत लिहिलेली असते. १५०० मिलीअँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीला, उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल तर, जास्तीत जास्त १.५ अँपिअर प्रवाह द्यावा. म्हणजे ती साधारण तासा-सव्वा तासात भरते. घाईने दुप्पट प्रवाह देणे म्हणजे दुप्पट मात्रेने ताप लवकर उतरेल असे समजणे. दोन सेलच्या ७.४ व्होल्टच्या बॅटरीला मुख्य तारेखेरीज एक छोटा पांढरा प्लग असतो; तो दोन्ही सेलांचा दाब वेगवेगळा मोजण्यासाठी आहे. तो न जोडता चार्जिंग केले तर एकूण ८.४ व्होल्ट बरोबर दिसत असतानाच एक सेल ४.१ वर आणि दुसरा ४.३ वर असू शकतो. सरासरी ठीक दिसली म्हणजे रुग्ण ठीक असतोच असे नाही, हे आपल्याला सांगायला नको.

निकेलच्या बॅटरीसोबत मिळणारे स्वस्त चार्जर बहुधा आपोआप बंद होत नाहीत. ७०० मिलीअँपिअर-तासांच्या जुडीला २५० मिलीअँपिअरचा चार्जर असेल तर, वाया जाणारी ऊर्जा धरून, साडेतीन तासांच्या आसपास चार्जिंग पुरते. ती रात्रभर लावून ठेवणे म्हणजे दुपटीहून अधिक मात्रा. परदेशातून आप्तांनी आणलेल्या मोटारीच्या चार्जरवर तो किती व्होल्टच्या विजेवर चालतो तेही वाचावे. अमेरिकेत घरातील वीज १२० व्होल्टची असते. केवळ तेवढ्यासाठी बनवलेला चार्जर आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर लावणे धोक्याचे.

तिसरी गोष्ट देखरेख. चार्जिंग जागेपणी, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर आणि फरशीवर किंवा कडाप्प्यावर करावे. गादी, सोफा, पडद्याजवळची जागा किंवा घराबाहेर पडण्याचा एकमेव दरवाजा येथे ते करू नये. बॅटरी मोटारीतून काढता येत असेल तर काढूनच चार्ज करावी. आपल्या इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो; गच्चीवर पळवलेल्या मोटारीची बॅटरी हाताला गरम लागत असेल तर ती अर्धा-पाऊण तास सावलीत निववावी आणि मगच चार्जिंगला लावावी. महिनाभर खेळायचे नसेल तर लिथियम बॅटरी पूर्ण भरून वा पूर्ण रिकामी करून न ठेवता अर्धवट, म्हणजे प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावी.

फुगलेली, चेपलेली, गोडसर वास येणारी किंवा दीर्घकाळ पूर्ण रिकामी राहिलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, टोचून पाहू नये आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नये. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

७.४ व्होल्ट, १५०० मिलीअँपिअर-तासांच्या बॅटरीत साठलेली विद्युत ऊर्जा जेमतेम दहा किलोकॅलरी, म्हणजे अडीच ग्रॅम साखरेइतकी. तीच काही सेकंदांत बाहेर पडली आणि आतला द्रवही पेटला तर काय होईल, हे निराळे सांगावयास नको. असे घडलेच तर प्रथम मुलांना खोलीबाहेर काढावे आणि शक्य असेल तर मुख्य स्विच बंद करावा. पेटलेली बॅटरी हातात उचलू नये. वीज तोडल्यावर भरपूर पाणी ओतणे योग्यच आहे. त्याने बॅटरी थंड होते. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे दाहक वायू असतात, म्हणून आग आवाक्याबाहेर वाटल्यास सर्वांनी बाहेर पडून अग्निशामक दलाला बोलवावे.

भाजलेल्या भागावर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी धरावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काहीही लावू नये. धूर छातीत गेलेल्या मुलाचा खोकला वा धाप काही तासांनंतरही वाढू शकते, म्हणून त्याला तपासणीविना घरी पाठवू नये, ही आपल्या व्यवसायबंधूंना विनंती. आणखी एक लक्षात असू द्यावे: अनेक लहान रिमोटमध्ये नाण्यासारखा बटण सेल असतो. तो लहान भावंडाने गिळून अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर इजा होते. तेथे लक्षणांची वाट न पाहता तत्काळ एक्स-रे हवा.

१ जानेवारी २०२१पासून आपल्या देशात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले आहे. छंद म्हणून विकल्या जाणाऱ्या वेगवान मोटारींवर मात्र ‘१४ वर्षांवरील’ असे छापलेले असते. ते वाचूनही आपण ती नऊ वर्षांच्या नातवाला देतो, तेव्हा छापील सूचनेने सोडलेली जबाबदारी आपण उचललेली असते.

मुलांकडून मोटार काढून घ्यावी, असे मला मुळीच म्हणायचे नाही. वेग, वळण, घर्षण यांचे पहिले धडे ती हसतखेळत देते. चार्जिंग हा त्याच धड्यांचा भाग व्हावा. वेष्टन मुलाने वाचावे, वेळ त्याने वहीत लिहावी, प्लग मात्र मोठ्यांनी लावावा आणि मोठ्यांनीच काढावा.