गिरणीच्या दारातला माणूस

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापडगिरणीत नोकरी धरायची तर ऑफिसची पायरी चढण्यात अर्थ नव्हता. तिथे अर्ज घेणारं कोणी बसलेलंच नसे. गाठायचा तो जॉबर. त्याची ओळख गावाकडच्या नात्यातून निघे, नाही तर चाळीतल्या खोलीतून, खाणावळीतून, तालमीतून. भोंग्याच्या सुमारास दारापाशी घोळका जमे आणि त्या दिवशीचे गैरहजर मोजून जॉबर त्यातली हवी तेवढी माणसं आत घेई. उरलेल्यांनी घरी जायचं, उद्या पुन्हा यायचं.

कामावर घेणं, काम शिकवणं, रजा देणं, काढून टाकणं, नड असेल तेव्हा व्याजाने पैसे देणं, सगळं याच्याच हातात. बदल्यात दस्तुरी. नोकरी लागताना द्यायची, पुढे पगारातूनही काही सरकवत राहायचं. बायकांच्या रीळखात्यात हीच सत्ता नायकिणीकडे असे. आज ज्याला आपण मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणतो, ते सगळंच्या सगळं एका माणसाच्या मर्जीवर चालत होतं. आपल्याकडचा या शास्त्राचा इतिहास सांगताना अमेरिकेतल्या टेलर आणि मेयो या व्यवस्थापनतज्ज्ञांपासून सुरुवात करायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. इथे हे खातं जन्मलं ते जॉबरच्या हातातून दार काढून घेण्याच्या खटपटीतून.

मालकांनी जॉबर इतकी वर्षं चालवून का घेतला? दावरांची पहिली गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढे मालक बहुतेक पारशी, गुजराती, तंत्रज्ञ लँकेशायरचे, आणि कामगार रत्नागिरी-साताऱ्याकडचे. मधे कोणीतरी लागणारच होतं. शिवाय बाजार तेजीत असला की माणसं जास्त, मंदीत कमी, आणि उन्हाळ्यात निम्मी चाळ गावी. अशा वेळी हाताशी माणसांचा साठा ठेवणारा जॉबर मालकाला स्वस्तात पडे. १८९६च्या प्लेगने शहर ओस पडू लागलं तेव्हा उरलेल्या कामगारांसाठी नाक्यानाक्यावर बोली लागली, मजुरी रोजच्या रोज चुकती करायची वेळ आली. माणूस टिकवायला पैसे मोजावे लागतात हे मालकांना तेव्हा कळलं. साथ ओसरली आणि ते विसरलेही.

गाऱ्हाणं मांडायला आत जागाच नव्हती. म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ साली गिरणीबाहेर सभा घेऊन कामगारांच्या मागण्या मांडाव्या लागल्या. आठवड्याची सुट्टी ही त्यातली एक. रविवार पदरात पडायला १८९० उजाडलं.

दारातून कोणाला घ्यायचं याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आत गेल्यावर कुठे उभं करायचं हा होता. साळखात्यात, म्हणजे विणकामात, पगार बरा. पण धोट्यातली कांडी संपली की नवी घालताना सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाच्या ओठांना लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठांना लागणार, एवढ्या कारणावरून अस्पृश्य कामगारांना साळखातं बंद. सोबतच्या सवर्ण विणकरांना ही बंदी हवी होती, भरतीच्या रीतीने ती टिकवली आणि मालकांनी तिकडे पाहिलं नाही. १९२८च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. नोकरभरतीतल्या भेदभावाची चर्चा आपल्याकडे कधी सुरू झाली असं कोणी विचारलं, तर मी या धोट्याकडे बोट दाखवीन.

कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाचा अहवाल १९३१मध्ये आला. त्यातली शिफारस अशी: प्रत्येक कारखान्यात थेट जनरल मॅनेजरच्या हाताखाली एक लेबर ऑफिसर असावा, खातेप्रमुखांशी बोलून भरती त्यानेच जातीने करावी, आणि खुद्द मॅनेजर सोडून कोणालाही त्याच्या संमतीशिवाय कामगार काढता येऊ नये. अधिकारी सचोटीचा हवा आणि त्याला कामगारांची भाषा यायला हवी, हेही आयोगाने बजावलं. आज कित्येक कंपन्यांच्या एचआर प्रमुखाला एवढा अधिकार मिळाला तर तो पेढे वाटील.

पण कागदावरचा अधिकारी प्रत्यक्षात आला तो दुसऱ्याच धाकाने. १९३४ साली गिरण्यांत पुन्हा सार्वत्रिक संप झाला. लगोलग मुंबई सरकारने तंटे मिटवण्याचा कायदा करून सरकारी लेबर ऑफिसर नेमला, मालकसंघानेही आपला नेमला. कामगाराने गाऱ्हाणं घेऊन याच्याकडे यावं, लाल बावट्याच्या युनियनकडे जाऊ नये, हा हिशोब उघड होता. जॉबरची दस्तुरी आणि युनियनची ताकद दोन्हीला एकदम आळा घालायला निघालेल्या या अधिकाऱ्याकडे कामगार संशयाने पाहत, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. या धंद्याला चिकटलेला तो संशय अजून धुतला गेलेला नाही.

१९३५मध्ये बदली कंट्रोल आला, म्हणजे गैरहजरांच्या जागी घ्यायच्या बदलीवाल्यांवर नियंत्रण. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक बदलीवाल्यांना कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी हजेरी लावायची आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. योजना चोख होती. मात्र कार्ड कोणाला द्यायचं हे सुचवणारा पुष्कळदा जॉबरच. १९४४ साली नेमलेल्या रेगे समितीलाही भरतीत त्याचा हात दिसलाच. सगळा दोष त्याच्या माथी मारणं मालकांना सोयीचं होतं, ही गोष्टही विसरू नये. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी दाखवून दिलं आहे की जॉबर काही सर्वशक्तिमान नव्हता. चाळीतली पत गेली की त्याची माणसंही जात.

पुढचा प्रवास भराभर झाला. १९३६ साली नागपाड्यात क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने समाजकार्याची टाटा शाळा निघाली, तीच आजची टिस. तिथले पदवीधर कारखान्यांत लेबर ऑफिसर म्हणून जाऊ लागले. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला. कॅन्टीन, पाळणाघर, हजेरी, कोर्टकचेऱ्या यांतच हा अधिकारी पुढची पंचवीस वर्षं अडकून पडला.

१९७५च्या सुमारास अहमदाबादच्या आयआयएममधले उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोला, कामाचं मूल्यमापन तपासता तपासता, माणसांच्या विकासासाठी वेगळं खातंच काढा असा सल्ला दिला. देशातलं हे अशा प्रकारचं पहिलं खातं. माणसाला काय येतं, काय शिकता येईल, हे प्रश्न पहिल्यांदाच पद्धतशीर विचारले गेले. मात्र ते मुख्यत्वे अधिकाऱ्यांपुरतेच. त्याच शहरात, काही मैलांवर, बदलीवाला अजून रोज सकाळी हजेरी लावत होता. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा वर्षानुवर्षं कायम न झालेले बदलीवाले त्यांच्यात मोठ्या संख्येने होते.

आता पुण्याजवळच्या चाकण किंवा रांजणगावच्या कारखान्यात कायम कामगाराची भरती एचआर करतं, कंत्राटी माणसं मात्र ठेकेदार आणतो. बरेचदा आपल्याच पट्ट्यातली, आपल्याच खोल्यांवर ठेवलेली. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याने अशा माणसांची मजुरी कारखान्याच्या प्रतिनिधीसमक्ष वाटायची आणि ठेकेदाराने बुडवली तर कारखान्याने भरायची असं ठरवलं होतं. पगारवाटप बरोबर झालं म्हणून तो प्रतिनिधी रजिस्टरवर सही करत असे. रजिस्टरातली माणसं कोणी निवडली, नोकरी लावताना त्यांच्याकडून काय घेतलं, याचा रकाना त्यात नव्हता.