चीक काढताना: गव्हाची भरड आणि गाळणी

कुरडईचा चीक चांगला निघेल की नाही, हे दोन कामांवर ठरते: भिजलेला गहू कसा भरडला आणि ती भरड कशी गाळली. चीक शिजवणे, सोऱ्यातून कुरडया पाडणे, बाजेवर साडी पसरून त्या वाळवणे ही पुढची कामे डोळ्यांत भरतात, त्यांचे कौतुकही होते. पण फडके तुंबून बसले किंवा चिकात कोंडा उतरला, तर पुढे कितीही हात चालवला तरी कुरडई पांढरी आणि हलकी होत नाही.

परभणी जिल्ह्यात हा हंगाम होळीनंतर सुरू होतो. इथली रब्बीची ज्वारी काळ्या जमिनीतल्या ओलीवर निघते. गव्हाला मात्र पाणी लागते आणि ते जायकवाडीच्या डाव्या कालव्यातून, पूर्णेवरच्या येलदरी धरणातून किंवा विहिरीतून मिळते. मार्चमध्ये काढणी उरकली की नवा गहू घरात येतो. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या वर जातो, हवा कोरडी असते, त्यामुळे वाळवणाला याहून चांगले दिवस नाहीत. काढणीच्या वेळी अवकाळी पावसात सापडलेला गहू मात्र चिकासाठी घेऊ नये. मोड फुटू लागलेल्या दाण्यात अमायलेझ हे विकर वाढलेले असते. चीक शिजताना ते स्टार्च तोडते आणि कितीही घाटले तरी चीक सैलच राहतो.

काम नीट कळायला आधी दाणा पाहावा. गव्हाच्या वजनात सुमारे 14 टक्के कोंडा, 3 टक्क्यांच्या आत अंकुर आणि बाकीचा पांढरा गाभा असतो. गाभ्यात स्टार्चचे कण प्रथिनांच्या जाळ्यात बसवलेले असतात. चीक म्हणजे हे कण, जाळ्यातून सुटून पाण्यात उतरलेले. म्हणजे गाभा फुटला पाहिजे, जाळे सुटले पाहिजे आणि कोंड्याचे साल शक्य तेवढे अखंड राहिले पाहिजे. कोरडा दाणा दळला तर हे तिन्ही साधत नाही, कारण कोरडे साल ठिसूळ असते आणि गाभ्याबरोबर त्याचाही चुरा होतो. भिजलेले साल चिवट होते. ते फाटते, वाकते, पण त्याचे पीठ होत नाही.

म्हणून गहू तीन दिवस भिजतो. निवडून धुतलेला गहू मोठ्या भगुण्यात घेऊन त्यावर चार बोटे पाणी ठेवतात आणि भगुणे सावलीत झाकून ठेवतात. पाणी रोज बदलायचे; परभणीच्या उन्हाळ्यात दिवसातून दोनदा बदललेले बरे. दुसऱ्या दिवशी पाण्यावर फेस दिसतो आणि आंबूस वास येऊ लागतो. हा वास बिघाडाचा नाही. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढलेले असतात, त्या आम्लाने आणि दाण्यातल्या विकरांनी प्रथिनांचे जाळे ढिले पडते. जाळे ढिले पडणे हाच या तीन दिवसांचा खरा उपयोग. पाणी बदलायचे राहिले तर मात्र आंबूसपणा जाऊन कुबट वास येतो, आणि तो तळलेल्या कुरडईतही लपत नाही.

गहू तयार झाला का, हे दिवस मोजून ठरवू नये. दाणा दोन बोटांत दाबावा. साल मागे राहून दुधासारखा पांढरा रस सहज बाहेर आला तर गहू तयार आहे. मध्ये कणी लागली तर अजून एक रात्र द्यावी. बन्सीसारख्या कठीण, काचेसारख्या दाण्यात पाणी सावकाश मुरते, लोकवन त्या मानाने लवकर नरम पडतो. दोन जातींचा गहू एकत्र भिजवला तर एक तयार होतो आणि दुसऱ्यात कणी राहते, म्हणून ती सरमिसळ टाळावी.

भरडण्यासाठी पूर्वी पाटा-वरवंटा किंवा उखळ असे. नंतर स्टुलाला आवळून बसवायचे, हाताने फिरवायचे लोखंडी यंत्र आले. आता उन्हाळ्यात गावोगावचे गिरणीवाले ओल्या गव्हासाठी वेगळे यंत्र लावतात आणि थोड्या गव्हाला घरचा मिक्सर पुरतो. साधन कोणतेही असो, गाभा चिरडायचा आणि साल कापायचे नाही, एवढे जमले पाहिजे. पाटा-वरवंट्याचे दाबणे आणि रगडणे याला फार अनुकूल आहे. मिक्सरचे पाते कापते, म्हणून त्यात भरपूर पाणी घालून, थांबत थांबत, थोडाच वेळ फिरवावे. एकसारखे फिरवले तर कोंड्याची पूड होते. ही पूड चिकात उतरून रंग मळकट करते आणि फडक्याची छिद्रेही तीच बुजवते. गिरणीत पहिली मूठभर भरड तळहातावर घेऊन पाहावी: सालाचे रुंद तुकडे दिसावेत, आणि तुकडा चोळल्यावर आतून फारसे पांढरे सुटू नये. पांढरे सुटत असेल तर यंत्र थोडे आवळायचे. साल बारीक कण्यांसारखे दिसले तर सैल करायचे. दुसऱ्यांदा भरडणे पहिल्याच वेळी बारीक करण्यापेक्षा केव्हाही चांगले.

जवाच्या माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवापासून, बिअर गाळणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. जवाला गव्हासारखे नुसते साल नसते, टरफल चिकटलेले असते. माल्ट दोन रुळांमधून, साधारण 1 मिलिमीटरच्या फटीतून काढतात, म्हणजे गाभा फुटतो आणि टरफल अखंड राहते. पुढे गाळणीच्या जाळीवर त्याच टरफलांचा थर बसतो आणि रस त्यातून झिरपतो. जाळी फक्त थराला आधार देते. दळण बारीक झाले की थर घट्ट होतो आणि रस थांबतो. म्हणून काही ठिकाणी दळण्याआधी माल्टला 1-2 टक्के ओल देऊन टरफल चिवट करतात. गव्हाचे प्रमाण जास्त असले तर त्यात भाताचा तूस मिसळतात, कारण गव्हाला टरफल नसते आणि त्याचा रसही दाट असतो. एका बाबतीत मात्र दोन्ही कामे उलटी आहेत. माल्टमधले स्टार्च गाळण्याआधीच विकरांनी साखरेत बदललेले असते, म्हणून ते 75 अंशांच्या आसपासच्या गरम पाण्याने धुतात. गरम रस पातळ असतो. चिकात स्टार्चच हवे असते. ते 60 अंशांच्या जवळपास फुगून खळ बनू लागते, त्यामुळे चीक गाळताना पाणी थंडच लागते. उन्हात तापलेल्या टाकीचे पाणी घेण्यापेक्षा माठातले घ्यावे.

गाळणे एका झटक्यात होत नाही. भरड आधी परातीत भरपूर पाणी घालून हाताने कुस्करतात, पिळतात, आणि चोथा बाजूला काढतात. हे पाणी मोठ्या चाळणीतून जाते, मग सुती फडक्यातून. धोतराचे जुने, अनेकदा धुतलेले फडके यासाठी उत्तम. चोथ्यासह सगळी भरड एकदम फडक्यात ओतली की ती तळाशी घट्ट बसते आणि पाणी वर साचते. अशा वेळी हात साहजिकच फडके दाबून पिळायला जातो. तिथेच काम बिघडते. दाबाने बारीक कोंडा आणि चिकट प्रथिने छिद्रांत आणखी रुततात, आणि फडके जोराने पिळले तर तो कोंडा पलीकडे चिकातच उतरतो. फडक्याची टोके आळीपाळीने उचलून गाळ सरकवावा, वर थोडे पाणी घालावे, आणि तरीही थेंब थांबले तर गाळ परत परातीत घेऊन फडके उलटून धुवावे. दोन फडकी हाताशी असली की काम अडत नाही. चोथा दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा धुवावा. तिसरे पाणी जवळजवळ निवळ दिसले की थांबावे.

गव्हाच्या पिठातून चीक का काढत नाहीत, याचे उत्तरही या तुंबण्यात आहे. पीठ पाण्यात कालवले की प्रथिने एकमेकांत गुंतून ग्लूटेन होते आणि ते फडक्याला रबरासारखे धरते. बोलोन्याचे वैज्ञानिक बेक्कारी यांनी कणीक पाण्याखाली धुऊन ग्लूटेन वेगळे केल्याचे 1728 मध्ये मांडले, आणि पुढे युरोपात कणीक धुऊन स्टार्च काढण्याचे कारखानेही निघाले. घरच्या कामाला मात्र भिजवण्याचीच रीत सोपी. ती फार जुनीही आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमच्या केटोने शेतीवरच्या पुस्तकात गहू दहा दिवस भिजवून, लिननच्या कापडातून पिळून उन्हात वाळवायला सांगितले आहे. परभणीच्या उन्हाळ्यात तेच काम तीन दिवसांत होते, ते उष्णतेमुळे.

गाळलेला चीक रात्रभर हलवायचा नाही. स्टार्चची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट असते आणि गव्हात त्याचे दोन आकाराचे कण असतात. 20 मायक्रॉनचा मोठा कण वीतभर पाण्यातून अर्ध्या तासाच्या आसपास तळाला जातो. 5 मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतराला आठ तास लागतात, कारण बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. संध्याकाळी गाळून सकाळी पाणी काढायचे, ही घरोघरची वेळ या हिशेबाशी नेमकी जुळते. सकाळी वर पिवळसर पाणी, त्याखाली करडा पातळ थर आणि तळाशी घट्ट पांढरा चीक दिसतो. पाणी अलगद ओतून टाकतात. करडा थर प्रथिनांचा, बारीक कोंड्याचा आणि लहान कणांचा असतो. तो वाटीने हलके काढला तर कुरडई अधिक पांढरी होते. गाळताना कोंडा जितका कमी उतरला असेल, तितका हा थर पातळ.

पुढे आधणात मीठ आणि हिंग घालून, चीक धारेने सोडून, गुठळी न होऊ देता घाटतात. तो पारदर्शक होऊन चमकू लागला की शिजला. गरम असतानाच तो सोऱ्यात भरावा लागतो.

उरलेल्या चोथ्यात थोडा चीक राहतोच. तिखट, मीठ, जिरे आणि तीळ घालून त्याच्या भुसवड्या उन्हात घालतात. जास्तीचा चोथा त्याच दिवशी गुरांच्या आंबोणात जातो, कारण उन्हाळ्यात तो संध्याकाळपर्यंत आंबतो.