घर घेताना (भाग ७) : वरच्या मजल्यावर कोण राहतं?

मागच्या भागात सिडकोचा भाडेपट्टा, हस्तांतरण शुल्क आणि सोसायटीचे कागद पाहिले. त्यात काही राहून गेलं तर वकील गाठून निस्तरता तरी येतं. आजचा विषय सर्च रिपोर्टमध्ये येत नाही, बँकेचा व्हॅल्युअर त्याच्याकडे ढुंकून बघत नाही आणि एजंटला विचारलं तर "सगळी फॅमिली क्राउड आहे हो" एवढ्यावर बोळवण होते.

एका वाचक दांपत्याने विचारलं आहे : नवीन पनवेलमध्ये रिसेलचा टू बीएचके पसंत पडलाय. स्टेशन चालत जाण्याजोगं, किंमत आवाक्यात. पण निघताना खालच्या मजल्यावरच्या काकू हळूच म्हणाल्या, "बघा हं, वर शिलाईचं काम चालतं. रात्री बारापर्यंत मशीनची घरघर असते." फ्लॅट घ्यावा की सोडावा?

आवाज नेमका कुठून, कसा आणि कधी येतो हे स्वतःच्या कानांनी ऐकेपर्यंत टोकन देऊ नका, हे माझं पहिलं उत्तर. दुसरं त्याहून महत्त्वाचं : "राहायला गेलो की सोसायटीत तक्रार करू" या भरवशावर घर घेऊ नका.

आवाज घरात दोन वाटांनी शिरतो. टीव्ही, भांडण, भजन, कुत्र्याचं भुंकणं हे हवेतून येतं. भिंत जितकी जड तितकं ती अडवते. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली चार इंची विटेची भिंत साधारण ४५ डेसिबल अडवते, नऊ इंची ५०च्या आसपास. म्हणजे शेजारचं साधं बोलणं धडधाकट भिंतीतून सहसा येत नाही. ते येतं खिडकीतून, दाराखालच्या फटीतून, बाथरूमच्या डक्टमधून. पनवेलच्या दमट हवेत रात्री खिडकी बंद करून झोपायचं तर एसी हवाच, आणि आपल्याकडच्या स्लायडिंग खिडक्या बंद केल्या तरी त्यांच्या रुळातून आवाज आत येतोच.

दुसरी वाट स्लॅबची. खलबत्त्याचा ठोका, ओढलेली खुर्ची, मुलांच्या उड्या, मोटारीवर चालणारं शिलाई मशीन. हे धक्के थेट काँक्रीटला बसतात आणि स्लॅब, बीम, कॉलम असे अंगभर पसरतात. हल्लीच्या कित्येक टॉवरमध्ये ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओततात. तिथे ठोका चौथ्या मजल्यावरचा की सहाव्या, हेसुद्धा खाली बसून सांगता येत नाही. या आवाजावर खालच्या माणसाला फारसं काही करता येत नाही. फॉल्स सीलिंगने थोडा उतार पडतो, पण कंप भिंतींतूनही उतरत असतो. खरा इलाज वरच्या घरात करावा लागतो, तोही स्वस्तातला : खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या, मशीनच्या टेबलाखाली जाड रबरी मॅट, खलबत्त्याखाली घडी घातलेलं गोणपाट. वरचा माणूस हे करायला तयार आहे का, यावर तुमची झोप अवलंबून आहे. म्हणून अशा घराचा सौदा करताना चौरस फुटांइतकंच वजन त्या माणसाच्या स्वभावाला द्यायला हवं.

आकड्यांचंही थोडं सांगतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शिकेप्रमाणे झोपण्याच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा. डेसिबलचं मोजमाप सरळ चढत नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. मोबाइलवरच्या ॲपने अंदाज येतो, त्यापलीकडे त्यावर विसंबू नका. शिवाय ४० डेसिबलचा पंखा आपण विसरून जातो आणि तेवढाच मोठा पण थांबून थांबून येणारा टकटकाट रात्रभर जागं ठेवतो. हा फरक कुठलंच ॲप दाखवत नाही.

म्हणून ऐकायला जा, आणि एजंट नेईल त्या वेळेला नको. तो बहुधा रविवारी दुपारी नेतो, जेवणं होऊन बिल्डिंग लवंडलेली असते तेव्हा. तुम्ही मधल्या वारी रात्री साडेदहाला जा, शनिवारी संध्याकाळी जा, एकदा सकाळी सहाला जा. भर पावसात पाहिलेल्या घराचा निकाल पावसात लावू नका, पत्र्याच्या शेडवरचा पाऊस बाकी सगळं झाकून टाकतो. खांदा कॉलनीत एका मित्राबरोबर मी असाच रात्री गेलो होतो. वरचे भाडेकरू मध्यरात्री ग्राइंडर लावतात, अशी त्या फ्लॅटची ख्याती. आम्ही बेडरूमचं दार लावलं, पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला आणि नुसते बसून राहिलो. अकराच्या सुमारास घरघर सुरू झाली. मित्राने भिंतीला हात लावला तर भिंत थरथरत होती, आणि वरपेक्षा खालच्या बाजूला जास्त. वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "पंप आहे साहेब, टाकी भरतोय. पाणी आता येतं ना." पंपाखालचे रबर झिजून पार चपटे झाले होते. वरचं कुटुंब बिचारं फुकट बदनाम झालेलं. सोसायटीला जेमतेम खर्चात सुधारता येईल असा तो दोष होता आणि त्यापायी ते घर पडून होतं.

वरचे मालक की भाडेकरू, हेही विचारा. भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. आवाज करणारा भाडेकरू उद्या जाऊ शकतो, अर्थात शांत भाडेकरूही जाऊ शकतो.

आता गावांचं. नवी मुंबई उभी राहिली ती ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर. कामोठे, करंजाडे, उलवे, खारघर कुठेही घर घ्या, गावठाण हाकेच्या अंतरावर असतं. लग्नसराईत आगरी-कोळी घरातली हळद रात्री उशिरापर्यंत रंगते, बँजो वाजतो, अख्खं गाव नाचतं. ती माणसं तुमच्या आधीपासून तिथली आहेत आणि तुमचा टॉवर त्यांच्या शेतात उभा आहे. वर्षातल्या अशा थोड्या रात्रींसाठी चांगलं घर सोडू नये, असं मला मनापासून वाटतं. लॉन किंवा मंगल कार्यालय खिडकीसमोर असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे हळद दर मुहूर्ताला असते. तसंच रात्री दिवे लावून चालणाऱ्या क्रिकेट टर्फचं.

काही शेजाऱ्यांशी बोलताच येत नाही. कळंबोलीचं स्टील मार्केट, द्रुतगती मार्गावरचे कंटेनर, रेल्वे. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं सुटू लागली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवासी आहे आणि सगळे टप्पे पुरे झाल्यावर ९ कोटींचा बेत आहे. धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. त्या रेषेत घर बघत असाल तर आज ऐकू येणाऱ्या विमानांवरून हिशेब करू नका, ती वाढत जाणार आहेत.

कायद्याचा आधार किती? मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२च्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या चौकशीत न सापडणारा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. पण हा दोष मालमत्तेतला हवा. शेजाऱ्याची सवय त्यात बसवणं कठीण, आणि "चौकशी केली असती तर कळलं असतं" हे उत्तर ठरलेलं. इंग्लंडमध्ये विकणारे जो माहितीचा फॉर्म भरून देतात त्यात शेजाऱ्यांशी वाद किंवा तक्रार आहे का, असा सरळ प्रश्न असतो. आपल्याकडे तो प्रश्न तुम्हालाच विचारावा लागतो. महारेराही इथे उपयोगाचं नाही, ते बिल्डरसाठी आहे.

शेजाऱ्यासाठी नियम आहे. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढता कामा नये. कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या संघटना भोंग्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने पोलिसांना बजावलं की तक्रार करणाऱ्याची ओळख उघड न करता कारवाई करा. मोठा दिलासा आहे हा. पण तुमच्या डोक्यावर मशीन चालतं अशी तक्रार गेल्यावर ती कोणी केली हे सांगायला पोलीस लागत नाहीत. सोसायटीच्या उपविधींत इतरांना उपद्रव देऊ नये असं असतंच. सहकार कायद्याच्या कलम ३५ खाली सभासदाला काढूनही टाकता येतं, पण त्यासाठी सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश मतं आणि वर निबंधकांची मान्यता लागते. घरघरीसाठी एवढी मतं जमत नाहीत.

त्यापेक्षा आधी सोसायटीची दप्तरं वाचा. सभांची इतिवृत्तं पाहण्याचा हक्क सभासदाला आहे, आणि तुमचा विक्रेता सभासद आहे. त्यालाच म्हणा, "साहेब, गेल्या तीन-चार वर्षांचं मिनिट्स बुक एकदा दाखवा." आवाजाची तक्रार असेल तर तिथे सापडते, आणि कमिटीने पुढे काय केलं तेही. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर समजून घ्या.

चुकलं तर बाहेर पडणं महाग पडतं. मुद्रांक शुल्क, ३० हजारांपर्यंतची नोंदणी फी, एजंटची दलाली, सिडकोच्या जमिनीवर हस्तांतरण शुल्क, हे सगळं पुन्हा. दोन वर्षांच्या आत विकलं तर नफा अल्पमुदतीचा धरून कर लागतो. म्हणून "आवाज आहे, पण दोन लाख कमी करतो" या बोलीला लगेच भुलू नका. दिवसाचा आवाज असेल आणि घरात दिवसा कोणी नसेल तर ती सवलत जरूर घ्या. रात्रीच्या आवाजाला, किंवा घरात आजारी आई-वडील, दहावीचं मूल, रात्रपाळीचा माणूस असेल तर, कितीही सवलत कमीच. शिवाय उद्या विकताना पुढचं गिऱ्हाईकही तुमच्याकडे तीच सवलत मागणार.

आता त्या दांपत्याला. शिलाईचं काम हा त्या घराचा पोटाचा धंदा आहे. तो बंद पडेल अशी आशा धरू नका आणि तशी इच्छाही नको. विक्रेत्याला बरोबर घेऊन संध्याकाळी वर जा. "ताई, खालचा फ्लॅट आम्ही घ्यायचं म्हणतोय. मशीनचा आवाज खाली येतो म्हणतात. आम्ही रबरी मॅट आणून दिली तर एक रात्र घालून बघाल का?" एवढंच बोला. मॅटचा खर्च तुम्ही करा. रात्री अकरानंतर मशीन थांबवता येईल का, हेही नम्रपणे विचारा. मग त्या रात्री खालच्या बेडरूममध्ये बसून ऐका. घरघर उतरली आणि ताई मोकळेपणाने बोलल्या तर घर घ्या, बिनधास्त घ्या. आणि दार अर्धवटच उघडून "आमच्या घरात आम्ही काय करायचं ते तुम्ही सांगणार?" असा सवाल आला, तर खाली उतरा आणि विक्रेत्याला नाही म्हणून कळवा. नवीन पनवेलमध्ये टू बीएचके आणखी आहेत.