राबाचा डाग, बॅरेकची रांग

उल्हासनगरमध्ये आजही पत्ता सांगताना लोक बॅरेक नंबर सांगतात. त्या जागी चार-पाच मजली इमारत असते, खाली कपड्यांची दुकानं असतात, पण नंबर बॅरेकचा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तिथल्या बॅरेकींमध्ये आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. कॅम्प एक ते पाच ही विभागणीही तेव्हापासूनची.

समजा, या शहराचा पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा आकाशातून काढलेला फोटो हाती आला, तर आजची गल्ली त्यात कशी शोधायची? बहुतेकजण ओळखीची इमारत शोधायला लागतात आणि तिथेच अडकतात, कारण इमारत ही सगळ्यात लवकर बदलणारी गोष्ट आहे. शोधायची असते ती मोकळी जागा. दोन बॅरेकींमधलं अंतर, रांगांचा तिरपेपणा, नाल्याचं वळण, रेल्वेचा रूळ. बॅरेक पाडून घर बांधणारा माणूस आपल्या हद्दीपुरतं बांधतो. मधला बोळ सगळ्यांचा असतो, म्हणून तो राहतो. शंभर घरं बदलली तरी बोळाची दिशा बदलत नाही.

असे जुने फोटो आता सर्वसामान्यांना मिळू शकतात, आणि त्यामागे शीतयुद्धाची हेरगिरी आहे. अमेरिकेच्या ‘कोरोना’ या गुप्त उपग्रह मोहिमेने १९६० ते १९७२ या काळात आठ लाखांहून अधिक फोटो काढले. कोरोनाच्या उपग्रहांकडून चित्र थेट जमिनीवर पाठवण्याची सोय नव्हती. फिल्म एका कुपीत घालून खाली सोडली जाई, ती पॅराशूटने उतरू लागली की विमान तिला हवेतच आकड्याने पकडत असे. ऑगस्ट १९६० मध्ये हवाईजवळ हे पहिल्यांदा साधलं. १९९५ मध्ये ही फिल्म खुली झाली. मोहिमेच्या शेवटच्या वर्षांतल्या कॅमेऱ्यांना जमिनीवरची दोनेक मीटरची वस्तूही टिपता येत होती. १९७२ मध्ये सोडलेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका सुमारे ऐंशी मीटरचा होता. म्हणजे लँडसॅटला गाव दिसायचं, कोरोनाला घर.

आपल्या भागासाठी या फोटोंची एक गोष्ट फार सोयीची आहे. उपग्रह जवळपास उत्तर-दक्षिण फिरत आणि त्यांचा कॅमेरा आडवा झुलत असे. त्यामुळे एक फोटो म्हणजे साधारण पूर्व-पश्चिम पसरलेली, सुमारे १४ किलोमीटर रुंद आणि १८८ किलोमीटर लांब पट्टी. कल्याण आणि मुरबाड तालुक्यातलं वैशाखरे यांच्यात हवाई अंतर पन्नासेक किलोमीटर, आणि दोन्ही जवळपास एकाच अक्षांशावर. पट्टी नेमकी पडली तर उल्हासनगरच्या बॅरेकी, म्हारळ-वरपचा रस्ता, रायत्याचा उल्हास नदीवरचा पूल, मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे आणि वर नाणेघाट, सगळं एकाच फिल्मवर सापडू शकतं. मात्र कॅमेरा झुलता असल्यामुळे पट्टीच्या टोकांकडे सगळं आक्रसत जातं. म्हणून आजच्या नकाशावर ती बसवताना मंदिर, पूल, ओढ्यांचे संगम असे न हललेले बिंदू पट्टीभर पसरून घ्यावे लागतात. मधलेच चार घेतले तर टोकाचं गाव भलत्याच ठिकाणी जातं.

घाटाजवळ आणखी एक घोळ होतो. उत्तर वर धरून हिवाळ्यातला फोटो पाहिला, तर जीवधनचा डोंगर खड्डा वाटतो आणि ओढ्याची घळ डोंगराच्या सोंडेसारखी उठून दिसते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असतो, सावल्या उत्तरेकडे, म्हणजे कागदाच्या वरच्या बाजूला पडतात. आपल्या डोळ्यांना मात्र उजेड वरून येण्याची सवय असते. फोटो उलटा धरा, सावल्या आपल्याकडे येऊ द्या, की डोंगर जागेवर येतो. जाणकार माणसं फोटो हातात आला की आधी सावली पाहतात, ती यासाठी.

पण वैशाखऱ्याची खरी परीक्षा खाली, भाताच्या खाचरांत आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोत खाचराच्या कोपऱ्यात एक गडद चौकोनी डाग दिसतो. शहरातला अभ्यासक त्याला डबकं किंवा विहीर म्हणेल. मुरबाड-शहापूरचा शेतकरी एका नजरेत सांगेल की हा राब आहे. पालापाचोळा, ऐनाच्या फांद्या, शेण, गवत असे थर रचून उन्हाळ्यात जमीन भाजतात आणि पावसाच्या तोंडावर त्याच भाजलेल्या तुकड्यात भाताची रोपं करतात. म्हणजे त्या डागावरून फोटोचा महिनाही कळतो. तसंच खळ्याचं. कापणीनंतर चोपून सारवलेलं खळं फिकट गोल ठिपक्यासारखं दिसतं, आणि ते दिसलं की फोटो हिवाळ्याचा. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं, तेव्हाचं फारसं काही उपयोगी पडत नाही. आसपासची झाडं खुंटलेली, माथा लहानसा झालेली दिसली तर जंगल तुटलं असा निष्कर्ष घाईचा ठरतो. राबासाठी फांद्या छाटलेलं झाड असंच दिसतं आणि पुन्हा फुटतं.

छपराबाबत तर फार जपावं लागतं. गवताने शाकारलेलं कुडाचं घर उन्हाळ्यात मातीच्याच रंगाचं असतं, फोटोत ते जवळजवळ हरवतं. पत्रा चकाकतो. जुन्या फोटोत पाड्यावर पाच घरं दिसतात, नंतरच्या फोटोत तीस, म्हणून लोकवस्ती सहापट झाली असं लिहिणं मला मान्य नाही. कदाचित माणसं तीच असतील, छप्पर बदललं असेल. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या पाड्यांचा इतिहास आधीच कमी लिहिला गेला आहे. तिथे चुकीच्या वाचनाने ‘पूर्वी इथे कोणी राहत नव्हतं’ असं ठरलं तर त्याचा परिणाम जमिनीच्या हक्कावर होऊ शकतो.

शहरात जो बोळ, तो गावात बांध. भाताचा बांध पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, कारण त्यावर पाणी अडतं आणि हद्दही ठरते. फोटो आणि गाव नकाशा एकावर एक ठेवताना सगळ्यात भरवशाची रेषा त्याचीच. आता मात्र रस्त्यालगत शेतं विकली जातात, प्लॉट पडतात, जेसीबी येतो आणि दोन दिवसांत दहा खाचरं सपाट होतात. उल्हासनगरचा बोळ सार्वजनिक होता म्हणून वाचला. बांधाला तसं कोणी वाली नाही. केंद्राच्या स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणांचं ड्रोनने मोजमाप होतं आहे, पण ते गावठाणापुरतं. खाचरं त्याच्या बाहेर.

म्हणून फोटो वाचण्याचं काम आताच, म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन करायला हवं. त्यांना ‘इथे काय होतं’ असं विचारून फारसं हाती लागत नाही. वरून पाहिलेलं गाव त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. वाटा विचाराव्यात. मावशी, पाण्याला कुठून जायचात? आबा, गुरं घाटावर कोणत्या अंगाने चढवायचात? लग्नाचं वऱ्हाड ओढा कुठे ओलांडायचं? वाट सांगता सांगता बोट फोटोवर सरकतं आणि मग मोहाचं झाड, मोडलेली विहीर, उठून गेलेला पाडा आपोआप सापडत जातो. प्रत्येक बिंदूपाशी नाव आणि सांगणाऱ्याचं अंदाजे वय लिहून ठेवावं.

या पट्ट्या अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर नकाशात गाव शोधून पाहता येतात. एखादी पट्टी स्कॅन झालेली नसेल तर पहिल्यांदा मागणाऱ्याला पैसे भरावे लागतात, त्यानंतर ती जगात कोणालाही फुकट उतरवून घेता येते. मुरबाड किंवा शहापूरच्या एखाद्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने एकदा हा खर्च केला, तर पट्टीखाली येणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीला आपल्या शिवाराचा मोठा छापील फोटो भिंतीवर लावता येईल. छापताना कागद मोठा घ्यावा आणि सावल्या पाहणाऱ्याकडे येतील असा लावावा.