सर्व्हरला वाकडे प्रश्न विचारणाऱ्याचा दिवस

सकाळी ९.१५

ऑफिसात आल्यावर पहिलं काम म्हणजे रात्रीचा रिपोर्ट. आमची छोटी कंपनी नाटकांची तिकिटं विकणाऱ्या ॲपमागची यंत्रणा सांभाळते. पुण्यात बालगंधर्वला आज कुठला प्रयोग आहे, कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात कुठली खुर्ची रिकामी आहे, पैसे जमा झाले का, हे सगळं मोबाइल ॲप, वेबसाइट आणि तिकीटखिडकीवरचा कॉम्प्युटर एकाच सर्व्हरला विचारतात. विचारण्याची आणि उत्तर देण्याची जी पद्धत ठरलेली असते, ती एपीआय. तिला स्वतःचा चेहरा नसतो. ना बटणं, ना चित्रं. त्यामुळे ती चालते की नाही हे बघायला वेगळी टूल्स लागतात. माझा सगळा दिवस त्यांच्यातच जातो.

पोस्टमनमध्ये जपून ठेवलेल्या रिक्वेस्ट्स रात्री न्यूमन नावाचं कमांड लाइनचं टूल एकामागून एक चालवतं. आज एक लाल दिसतेय: बुकिंग रद्द करण्याची. पोस्टमन उघडून तीच रिक्वेस्ट हाताने मारली. स्टेटस आलं २०० ओके, हिरवंगार. खाली रिस्पॉन्समध्ये मात्र लिहिलंय ‘सक्सेस: फॉल्स’, आणि कारण दिलंय की प्रयोग सुरू झालेला असल्याने तिकीट रद्द करता येत नाही. म्हणजे बाहेर होकार आणि आत नकार. नुसतं स्टेटस बघणारं ॲप प्रेक्षकाला ‘तिकीट रद्द झालं’ असं सांगून मोकळं होईल, आणि परताव्याची वाट बघणारा माणूस चार दिवसांनी फोन करेल. इथे ४०९, म्हणजे ‘सध्याच्या स्थितीशी मेळ नाही’, यायला हवं. तसं टिकिट, म्हणजे चुकीची नोंद, लिहून टाकलं.

हा पोस्टमन आपल्याकडचाच. अभिनव अस्थाना यांनी २०१२ मध्ये क्रोम ब्राउझरला जोडायचं एक छोटं एक्स्टेन्शन म्हणून तो बनवला आणि २०१४ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर बंगळुरूत त्याची कंपनी केली. कल्पना साधी होती. पत्ता टाका, गेट की पोस्ट ते निवडा, हेडर आणि बॉडी भरा, सेंड दाबा, उत्तर नीट मांडलेलं बघा. त्याआधी एवढ्यासाठी अनेकजण छोटे प्रोग्रॅम लिहीत बसायचे.

सकाळी १०.१५

स्टँडअप संपला. काल बॅकएंडवाल्यांनी ‘खुर्ची दहा मिनिटं धरून ठेवा’ ही नवी सोय स्टेजिंगवर टाकली. स्टेजिंग म्हणजे आमची रंगीत तालीम: सगळं खऱ्यासारखं, फक्त प्रेक्षक नाहीत.

नवीन काही आलं की आधी स्वॅगर यूआयचं पान उघडायचं. एपीआयचं सगळं वर्णन एका यामल फाइलमध्ये असतं आणि त्यावरून हे पान आपोआप तयार होतं. प्रत्येक पत्त्यासमोर ‘ट्राय इट आउट’ हे बटण. ते दाबलं की रकाने लिहिते होतात, ‘एक्झिक्यूट’ म्हटलं की खरी रिक्वेस्ट जाते आणि खरं उत्तर पानावर येतं. वर्डनिक या ऑनलाइन शब्दकोशाच्या कंपनीत टोनी टॅम यांनी आपल्या गरजेपोटी स्वॅगर सुरू केलं. पुढे ते स्मार्टबेअरकडे गेलं आणि २०१५ च्या अखेरीस त्याचा आराखडा लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आला. आता त्या आराखड्याला ओपनएपीआय म्हणतात. स्वॅगर हे नाव टूल्सपुरतं उरलंय.

एक्झिक्यूट दाबलं. उत्तर आलं ‘फेल्ड टू फेच’. ना स्टेटस, ना बॉडी.

शेजारच्या टेबलवरून फ्रंटएंडवाली म्हणाली, “अरे, माझ्याकडेही तेच येतंय. बॅकएंडवाले म्हणतात पोस्टमनमध्ये तर चालतंय.”

“चालणारच. पोस्टमन ब्राउझर थोडाच आहे?”

स्वॅगरचं पान प्रत्येक रिक्वेस्टची कर्ल कमांडही दाखवतं. ती उचलून टर्मिनलवर चालवली, तर तत्काळ २०१, म्हणजे ‘नोंद तयार झाली’, आलं आणि खुर्ची धरलीही गेली. म्हणजे सर्व्हर ठणठणीत आहे, गाडी अडतेय ब्राउझरमध्ये. आमचं डॉक्युमेंटेशन एका सबडोमेनवर आणि एपीआय दुसऱ्या. अशा वेळी ब्राउझर आधी ऑप्शन्स नावाची चौकशीची रिक्वेस्ट पाठवतो: या पानाला तुझ्याशी बोलायची मुभा आहे का? सर्व्हरने ठरावीक हेडर लावून ‘आहे’ म्हटलं नाही, तर खरी रिक्वेस्ट निघतच नाही. कर्ल आणि डेस्कटॉपवरचा पोस्टमन ही चौकशी करत नाहीत. ‘माझ्याकडे तर चालतंय’ यावरून होणाऱ्या भांडणांपैकी निम्म्यांचं मूळ इथे असतं. नव्या पत्त्याला ते हेडर लावायचं राहिलं होतं. एका ओळीचा बदल.

सकाळी ११.४५

आमची एपीआय वापरणाऱ्या एका भागीदार कंपनीची ईमेल. ‘तुमचा तारखेचा फिल्टर बिघडला आहे, सतत ४०० येतं.’ सोबत स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉटवरून काही कळत नाही, म्हणून पूर्ण यूआरएल मागवला. तो जसाच्या तसा कर्लमध्ये टाकला, आणि इकडेही ४००, म्हणजे ‘मागणीच चुकीची’.

त्यांना रविवारी संध्याकाळी साडेपाचनंतरचे प्रयोग हवे होते. त्यांनी वेळ लिहिली होती १७:३०:०० आणि तिला चिकटून +०५:३०, म्हणजे भारतीय वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. दिसायला अगदी बिनचूक. पण यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हानंतरच्या भागात अधिकचं चिन्ह सर्व्हर बहुधा मोकळी जागा म्हणून वाचतो. वेब फॉर्मच्या जमान्यापासूनची ती रीत आहे. आमच्या लॉगमध्ये बघितलं तर १७:३०:०० आणि ०५:३० यांच्या मध्ये सरळ स्पेस. अशी कुठलीच वेळ नसते, म्हणून ४००. त्या चिन्हाऐवजी %२बी लिहिलं, ‘बी’ अर्थातच रोमन, आणि प्रयोगांची यादी हजर.

चूक त्यांची म्हटली तर त्यांची, पण आमच्या डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरण ग्रीनिच वेळेतलं होतं, शेवटी झेड लावलेलं. त्यात अधिकचं चिन्हच नाही. भारतातल्या ग्राहकाला लागणारं उदाहरण आम्ही दिलंच नव्हतं. ते पानावर घातलं, आणि सर्व्हरने नुसतं ४०० म्हणण्याऐवजी ‘वेळेतलं अधिकचं चिन्ह एन्कोड करा’ असं सांगावं, हेही टिकिटात लिहिलं.

दुपारी १.१५

डबे उघडले. नुकताच लागलेला ज्युनिअर विचारतो, “दादा, यातलं एकच टूल शिकायचं तर कुठलं?”

“कर्ल.”

त्याचा चेहरा पडला. त्याला रंगीत काहीतरी हवं होतं.

स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांना चॅटवरच्या आपल्या बॉटसाठी चलनाचे दर वेबवरून आणायचे होते. त्या खटपटीतून हे टूल वाढलं आणि १९९८ मध्ये त्याला कर्ल हे नाव मिळालं. मॅकवर ते आधीपासून असतं. विंडोज १० मध्ये २०१८ पासून आहे. सर्व्हर लिनक्सचा असेल तर तिथेही बहुधा असतंच. बाकी बहुतेक टूल्समधली रिक्वेस्ट कर्ल म्हणून कॉपी करता येते, त्यामुळे दोन कंपन्यांमध्ये बोलणं करायचं तर हीच सामायिक भाषा.

मग गाडी बाकी टूल्सवर आली. केरळच्या लियास थॉमस यांनी २०१९ मध्ये पोस्टवुमन नावाने सुरू केलेलं हॉपस्कॉच ब्राउझरमध्येच चालतं. बंगळुरूच्या अनूप एम. डी. यांचं ब्रूनो रिक्वेस्ट्स साध्या फाइल्समध्ये आपल्याच डिस्कवर ठेवतं, त्यामुळे त्या कोडबरोबर गिटमध्ये जातात. फ्रंटएंडवाली ब्रूनोच्या बाजूने, मी पोस्टमनच्या. वाद लोणच्यापर्यंत चालला आणि तिथेच संपला.

दुपारी २.१५

दिवसातलं माझं आवडतं काम: वाकडे प्रश्न विचारणं. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर आलं यात फारसं कळत नाही. ते डेव्हलपरने स्वतः बघूनच कोड पाठवलेला असतो.

म्हणून नसलेल्या खुर्चीचा नंबर द्यायचा. तिकिटांची संख्या शून्य, मग उणे एक. कालची तारीख. टोकन, म्हणजे सर्व्हरला आपली ओळख पटवणारा परवाना, न देता रिक्वेस्ट केली तर ४०१ यायला हवं; टोकन दुसऱ्याचं दिलं तर ४०३. एकामागून एक भराभर मारा केला तर ४२९ यावं, आणि किती वेळ थांबायचं तेही हेडरमध्ये सांगितलेलं असावं.

आज मासा लागला तो नाटकाच्या नावात. नवीन प्रयोग नोंदवताना नाव जास्तीत जास्त ६० अक्षरांचं चालेल, असं आमच्या पानावर लिहिलंय. इंग्रजी नावं टाकून बघितली, ६० पर्यंत जातात, ६१ ला अडतात. मग टाकलं ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’. नाव छोटंसं, तरी ४२२: नाव फार लांब आहे.

मोजून बघितलं. कॉम्प्युटरच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे सुटे धरले तर देवनागरी चिन्हं होतात २०, आणि मधल्या जागा ३, एकूण २३. ६० च्या जवळपासही नाही. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. २० गुणिले ३ म्हणजे ६०, वर ३ जागांचे ३, एकूण ६३ बाइट. आमचा सर्व्हर अक्षरं मोजतच नव्हता, बाइट मोजत होता. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, म्हणून इंग्रजी नावांत हे कधीच दिसलं नसतं. मराठी नाटकांची तिकिटं विकणाऱ्या यंत्रणेत मराठी नावाला इंग्रजीच्या एक तृतीयांश जागा मिळत होती. ओपनएपीआयमध्ये जी लांबीची मर्यादा लिहितात ती अक्षरांची असते, बाइटची नाही. तेव्हा पान बरोबर होतं आणि कोड चूक. याला ‘तातडीचं’ हा शिक्का मारला.

दुपारी ४.००

पैशांची बाजू. रेझरपेसारख्या पेमेंट गेटवेला रक्कम रुपयांत नाही, पैशांत द्यावी लागते. ५०० रुपयांचं तिकीट म्हणजे ५०००० लिहायचं. नवीन माणूस ५०० लिहितो आणि प्रेक्षकाला ५ रुपयांत नाटक दाखवतो. गेटवे टेस्टिंगसाठी वेगळ्या कीज देतात, त्यांवर खरे पैसे हलत नाहीत. आधी की नीट बघायची, मगच सेंड.

मग खुर्चीची झोंबाझोंबी. एफ रांगेतली १२ नंबरची खुर्ची दोघांनी एकाच क्षणी मागितली तर? बटण दाबून हे तपासता येत नाही, कारण माणसाचं बोट मंद आहे. छोटी स्क्रिप्ट लिहून एकाच वेळी दोन रिक्वेस्ट्स सोडल्या. एकीला २०१, दुसरीला ४०९. असंच हवं. स्क्रिप्ट पुन्हापुन्हा चालवली, कारण असल्या चुका एखाद्याच वेळी डोकं वर काढतात. आज काढलं नाही.

संध्याकाळी ५.३०

दिवसभर जे हाताने बघितलं ते आता टेस्टमध्ये लिहायचं. पोस्टमनमध्ये प्रत्येक रिक्वेस्टखाली जावास्क्रिप्टच्या चार ओळी लिहिता येतात: स्टेटस ४०९ आहे का, ‘सक्सेस’ खोटं असताना २०० तर आलं नाही ना, मराठी नाव जसं पाठवलं तसंच परत आलं का. या ओळी आज रात्रीपासून न्यूमन चालवेल. तारखेतलं अधिकचं चिन्हही त्यात गेलं.

ज्युनिअरने ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकला. त्यात त्याचं आख्खं टोकन दिसत होतं.

“अरे, ते आधी काढ. आणि टोकन रद्द करून नवीन घे.”

“पण दादा, ते एन्क्रिप्टेड असतं ना?”

आमची टोकन्स जेडब्ल्यूटी प्रकारची आहेत: दोन टिंबांनी तोडलेले तीन तुकडे. पहिले दोन बेस६४ मध्ये लिहिलेले असतात, ते कुणीही उलगडून वाचू शकतो. तिसरा तुकडा सहीचा. मजकूर बदलला तर त्यावरून पकडला जातो, पण मजकूर लपवणं हे त्याचं काम नाही. ज्याच्या हाती टोकन लागलं तो मुदत संपेपर्यंत सर्व्हरच्या लेखी तूच. म्हणून टोकन आणि कीज रिक्वेस्टमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवायच्या आणि कलेक्शन शेअर करताना त्या मागे ठेवायच्या. प्रॉडक्शनच्या, म्हणजे खऱ्या सर्व्हरच्या, एन्व्हायर्नमेंटच्या नावात मी लाल खूण ठेवलीय, डिलीट दाबण्याआधी नजर तिथे जावी म्हणून. हे त्याला समजावता समजावता सव्वासहा झाले.

संध्याकाळी ६.३०

भागीदार कंपनीला उत्तर: दुरुस्त यूआरएल, कर्ल कमांड आणि पानावरच्या नव्या उदाहरणाचा पत्ता. त्यांचा उलट निरोप आला, चालतंय.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना एवढंच सांगेन. ‘ट्राय इट आउट’चं बटण फार सोयीचं आहे, पण ते तुम्ही विचाराल तेवढंच सांगतं. पानावर छापलेलं उदाहरण चालवून २०० बघितलं, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच बघितलेलं बघितलं. उदाहरण पुसा, आपल्या गावाचं नाव देवनागरीत लिहा, आपल्या घड्याळाची वेळ टाका, उणे एक तिकीट मागा. आणि जे उत्तर येईल ते टेस्ट म्हणून लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या महिन्यात तोच प्रश्न एखादा ग्राहक विचारेल, आणि तो प्रॉडक्शनवर विचारेल.